चुन्याच्या भट्टीतली मुक्त ऊर्जा

‘उष्णता बाहेर पडते तीच अभिक्रिया आपोआप घडते,’ असं व्हायव्हाला बरेच जण ठोकून देतात. त्यांना मी चुन्याची भट्टी आठवायला सांगतो.

चुनखडी फुटायला दर मोलला सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे सौदा तोट्याचाच! पण दगडात अडकलेला कार्बन डायऑक्साइड मोकळा सुटतो आणि एन्ट्रॉपी सुमारे १६० ज्यूल प्रति केल्व्हिन वाढते. आता १७८००० ला १६० ने भागा. साधारण १११० केल्व्हिन, म्हणजे ८४० अंश सेल्सिअस. याच्या वर तापमान गुणिले एन्ट्रॉपी हा आकडा उष्णतेवर मात करतो, मुक्त ऊर्जेतला बदल ऋण होतो आणि कळीचा चुना मिळतो.

थंड भिंतीवर उलटं. तिथे विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो, पण अगदी सावकाश. मुक्त ऊर्जा दिशा सांगते, वेग नाही. परीक्षेत एवढं विसरू नका!