घर शिकवते, पण शाळा सुटता कामा नये

संध्याकाळचे सात वाजले, की भाट्ये येथील आमच्या पडवीत दोन चटया पसरल्या जातात. सात मुले असतात. दोन आमची, तीन दिरांची आणि दोन शेजारची. सगळ्यात धाकटे दुसरीत असते, सगळ्यात मोठे नववी-दहावीत. एकच दिवा, एकच फळा आणि मध्ये खडूचा डबा. मुले मोठी होऊन पुढे जातात, त्यांच्या जागी लहान येतात, पण हा नेम २०२० पासून चालू आहे.

मी शिक्षिका नाही. बारावीपर्यंत शिकलेली, दिवसा काजूगर सोलायला जाणारी बाई आहे. आमचे हे गवंडीकाम करतात. तरीही आमच्या ओटी-पडवीवर काय चालते, ते लिहावेसे वाटले, कारण त्यातून एक प्रश्न उभा राहिला. तो उद्या कोणाच्याही घरी उभा राहील.

२०२२ च्या मे महिन्यात माझे धाकटे दीर म्हणाले, "वैनी, पोरगी तुमच्याकडे एवढं शिकतेय, तर आता शाळा कशाला? आठवीला पुलापलीकडे रत्नागिरीत पाठवायची, रोजचं एसटीचं भाडं, वर काळजी. शहरातले लोक मुलांना घरीच शिकवतात म्हणे. हीपण घरीच शिकेल. तिच्या आईला मदतही होईल."

पोर दाराआड उभी राहून ऐकत होती.

सुरुवात कशी झाली

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे वीस महिने लहान मुले घरी. शिक्षण मोबाईलवर सुरू आहे असे सांगण्यात येत होते. आमच्या दोन घरांत मिळून धड चालणारा मोबाईल एक, आणि तो घेऊन पुरुषमाणूस कामावर जाणार. पहिल्या दोन महिन्यांत दुसरीतला मुलगा जोडाक्षरे विसरला. तेव्हा घाबरून चटई टाकली.

एका बाईने सात मुलांना सात इयत्ता शिकवणे शक्य नव्हते. म्हणून एक नियम केला. ज्याला जे येते, ते त्याने आपल्यापेक्षा लहानाला शिकवायचे. एकाने धडा वाचायचा, दुसऱ्याने तो पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायचा, तिसऱ्याने पाच ओळी लिहायच्या. चुकले तर हसायचे नाही. दुसऱ्याला समजावून सांगताना आपले आपल्याला किती कळले आहे ते उघडे पडते, हे मुलांनाच लवकर उमगले. "काकी, मला वाटलं मला येतंय," असे म्हणून मोठी मुलगी पुन्हा पुस्तक उघडायची.

खाडी, माड आणि ओळंबा

पुस्तके थोडी होती, पण दारात भाट्याची खाडी होती. काजळी नदी इथे समुद्राला मिळते. भरती कधी, ओहोटी कधी, हे किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना घड्याळ न बघता कळते. त्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणपट केले, की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. षष्ठीला सहाची पाऊणपट, म्हणजे साडेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. आमच्या आज्यांना पाठ असलेली पाऊणकी मुलांनी अशी शिकून घेतली. मग खाडीच्या काठी काठी रोवून पाणी कुठवर चढते ते पाहिले. वेळ थोडी मागेपुढे झाली. का झाली, यावर पडवीत दोन दिवस वाद चालला. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते आणि पाऊणपटीच्या हिशेबात पंचेचाळीसच धरलेली असतात, हे नववीतल्या मुलाने शोधून काढले. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीचा भांग यांतला फरकही त्यातच आला.

माडाचेही तसेच. भाट्यात १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. 'प्रताप' ही नारळाची जात तिथलीच. मोठ्या माडाला साधारण महिन्याला एक झावळ येते, आणि झावळ गळली की खोडावर वण राहतो. वण मोजून बाराने भागले आणि खोड दिसू लागण्याआधीची काही वर्षे मिळवली, की माडाचे वय अंदाजाने सांगता येते. मुलांनी दारच्या माडाचे वय काढले, तेव्हा आजोबा म्हणाले, "बरोबर, तुमच्या बापाच्या जन्माच्या आसपासचाच तो." साडेसात मीटर अंतरावर माड लावले, तर एका हेक्टरात किती बसतील? दहा हजारांना सव्वाछप्पन्नने भागा. उत्तर येते एकशे सत्त्याहत्तर. हा भागाकार पुस्तकात असता, तर कोणी दोनदा केला नसता.

एकदा ह्यांनी कामावरची दोरी आणली. तीन हात, चार हात आणि पाच हात अशा खुणा करून त्रिकोण ताणला, की कोपरा बरोबर काटकोनात येतो. गवंडी पायाची आखणी अशीच करतात. ते म्हणाले, "मी सातवीत शाळा सोडली. ह्याला काय म्हणतात मला माहीत नाही." मुलगा म्हणाला, "बाबा, हा पायथागोरसचा सिद्धांत." बापाच्या हातातली विद्या मुलाच्या पुस्तकात आहे, हे दोघांनाही त्या दिवशी कळले. ओळंब्याची दोरी गुंडाळताना ह्यांच्या चेहऱ्यावर काय होते, ते मला लिहिता येत नाही.

शाळेविना शिकणारी घरे

दीर म्हणाले ते खोटे नव्हते. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी कुटुंबे मुंबई-पुण्यात आहेत. त्याला होमस्कूलिंग म्हणतात. अशा पालकांचे 'स्वशिक्षण' नावाचे मंडळही आहे. वेळापत्रक नसते, मुलाला ज्याची ओढ ते आधी. आठवड्यातून एकदोनदा चार घरांतली मुले एकत्र येऊन शिकतात. मुंबईच्या मालविका जोशी या मुलीला तिच्या आईने सातवीच्या सुमारास शाळेतून काढून घरी शिकवले. तिने संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदके मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तिला प्रवेश मिळाला. बारावीचे प्रमाणपत्र नाही म्हणून आपल्याकडच्या आयआयटीची दारे मात्र तिला बंद होती.

त्या मुलीचे कौतुकच आहे. पण तिच्या आईने नोकरी सोडून पूर्ण वेळ मुलींना दिला, हेही लक्षात घ्या. आपल्यातली किती घरे एका माणसाची मजुरी सोडू शकतात?

कायद्याचे म्हणाल, तर शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे त्यात पालकांचे कर्तव्य सांगितले आहे. घरी शिकवण्याचा त्यात उल्लेख नाही आणि पालकांना शिक्षाही नाही. घरी शिकलेली मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षा देतात, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावीला बसतात. म्हणजे वाट आहे. पण ती ज्याच्या गाठीला पैसा, वेळ आणि ओळखीपाळखी आहेत, त्याच्यासाठी.

सुभेदारांचे घर

त्या रात्री मी दिरांना दुसऱ्या एका घराची गोष्ट सांगितली. तेही आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले घराणे, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे.

सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. पलटणीत शिपायांच्या मुलाबाळांना आणि बायकांनाही शिकवण्याची सोय होती, म्हणून त्या घरात वाचन होते. पुढे मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत संसार होता. सगळी माणसे झोपली की अभ्यासाला जागा मिळे. म्हणून रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना उठवून अभ्यासाला बसवत आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत स्वतः आडवे होत. तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून घरीच करून घेतली. पुस्तकाला पैसे कमी पडले, तर लग्न झालेल्या मुलींचे दागिने मागून आणून गहाण टाकले.

ह्याहून चांगली घरातली शाळा कोणती? बाप स्वतः हेडमास्तर! रामजींना म्हणता आले असते, की मुलाला मीच शिकवतो, बाहेर अपमान कशाला? आणि बाहेर अपमानच होता. ह्याच जिल्ह्यात दापोलीला, १८९० च्या दशकात, पेन्शनीत आलेल्या महार शिपायांनी मुलांना शाळेत घ्या म्हणून सरकार दरबारी अर्ज केले, तर मुलांना व्हरांड्यात बसवण्यात आले. साताऱ्यात भीमरावांना बसायला गोणपाट घरून न्यावे लागे. शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे. तरीही ७ नोव्हेंबर १९०० ला रामजींनी मुलाचे नाव साताऱ्याच्या हायस्कुलात घातले. घर शाळेसारखे होते, तरी त्या बापाने शाळा सोडली नाही. कारण शाळा म्हणजे नुसते धडे नव्हेत. शाळा म्हणजे चार लोकांत आपली जागा. ती घरात बसून मिळत नाही.

घरी शिकणे आणि घरी बसणे

आमच्या पडवीचे गुण मी वर सांगितले. दोषही सांगते. इंग्रजीचे उच्चार आम्हां कोणालाच धड येत नव्हते. प्रयोगशाळा नव्हती. सगळ्यात वाईट म्हणजे, मोठी मुलगी म्हणून दिरांची पोरच सगळ्यांना शिकवीत राहिली आणि तिचे स्वतःचे बीजगणित मागे पडले. ते माझ्या उशिरा लक्षात आले. घरातली मोठी मुलगी म्हणजे हक्काचे माणूस, ही आपली सवय. शिकवायलाही तीच, भांडी घासायलाही तीच. शाळेतून काढली असती, तर पहिल्या महिन्यात ती वही घेऊन बसली असती, दुसऱ्या महिन्यात धाकट्याला सांभाळत आणि सहाव्या महिन्यात माझ्याबरोबर काजूगर सोलत. कोणी विचारले, तर आम्ही सांगितले असते, "घरीच शिकते हो!"

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या मुलांना जातीचा दाखला लागतो. शाळा सोडल्याचा दाखला आणि शाळेच्या रजिस्टरातली नोंद हा त्याचा महत्त्वाचा पुरावा. अनुसूचित जाती व नवबौद्धांना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा मागतात, तेव्हा आपण आजोबांच्या शाळेचे रजिस्टरच शोधत फिरतो. आजोबा शाळेत गेले म्हणून नातवाचे काम होते. शिष्यवृत्ती शाळेमार्फत, वसतिगृहाचा अर्ज शाळेच्या दाखल्यावर, दुपारचे जेवण शाळेत. शाळा सोडली की हे सगळेच सुटते.

दीर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पासाचं कसं काय असतं, ते बघून येतो." जूनमध्ये ते पोरीला घेऊन स्वतः पूल ओलांडून गेले. २०२५ मध्ये ती दहावी झाली. संध्याकाळी ती अजून पडवीत येते, पण आता नियम बदलला आहे. आधी तिचा एक तास तिचा, मग धाकट्यांचा.

एवढे करून पाहा

भगिनींनो, मुलांना शाळेतून काढू नका, पण घर रिकामे ठेवू नका. आठवड्यातले पाच दिवस, रोज दीड तास. विहारात, समाजमंदिरात, कोणाच्या पडवीत, कुठेही. निरनिराळ्या इयत्तांची मुले एकत्र बसवा. त्या वेळात टीव्ही बंद. आईबाप शिकलेले नसले, तरी जवळ बसा आणि "मला समजावून सांग" एवढेच म्हणा. आपल्या धंद्यातली एक गोष्ट आठवड्याला मुलांपुढे मांडा. शिवणारीने कापडाचे माप, रिक्षावाल्याने पेट्रोलचा हिशेब, कोळणीने मासळीचा भाव. महिन्यातून एकदा मुलांना बाहेर न्या. रत्नागिरीकरांना १८२८ पासूनचे नगर वाचनालय आहे, झाडगावला समुद्री जीवांचे संग्रहालय आहे. कोणाचे मूल मध्येच शाळेतून सुटले असेल, तर लाज धरू नका. चौदा वर्षांच्या आत त्याला वयाप्रमाणे वर्गात घेणे आणि मागे पडलेले शिकवणे, हे कायद्याने शाळेचे काम आहे. नाव घालायला जाताना दोघीतिघी मिळून जा.

परवा दुसरीतल्या पोराने विचारले, "काकी, शाळेत बाई शिकवतात, इथे ताई शिकवते. मग मी कोणाला शिकवू?"

त्याच्या आजीला अजून सही येत नाही. मी तिच्याकडे बोट दाखवले. म्हातारी आधी लाजली. मग पदर खोचला आणि चटईवर येऊन बसली.