जुन्या मोटारींतील पाण्याचा माग

मुळशी तालुक्याच्या पश्चिमेकडील भागांत पाऊस किती पडतो हें पुण्याच्या मंडळींस सांगावयास नको. ताम्हिणीचे धबधबे पाहावयास ती मंडळी दर पावसाळ्यांत येतच असते. त्या पावसानें माझ्या जुन्या मोटारीशीं जें भांडण मांडलें होतें, त्याविषयीं आज बोलणार आहें. मी पेशानें शिक्षक, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. यंत्रविद्येचा अधिकार मजकडे नाहीं. पण पाणी उताराच्या वाटेनें जातें एवढें भूगोल शिकवितां शिकवितां मी शिकलों आहें, आणि या कामीं तेवढें ज्ञान बरेंच उपयोगी पडलें.

मोटारीचें वय तेवीस वर्षें. आषाढ लागला कीं डावीकडच्या बैठकीपुढील गालिचा चिंब होई. आम्हीं तें सोसलें. एके संध्याकाळीं मात्र नातवंडांना घेऊन घाट उतरत असतां सर्व कांचा आंतून एकदम धुरकट झाल्या आणि एका वळणावर समोरचा रस्ता दिसेनासा झाला. गालिच्याखालचा ओला नमदा दिवसभर वाफ सोडीत राहतो व ती थंड कांचेवर जमते. गाडी कशी थांबविली हें सांगत बसत नाहीं. दुसरे दिवशीं ती गॅरेजमध्यें नेली. तेथील मिस्त्रीनें पुढील कांच बदलावी लागेल असें सांगून जो आंकडा उच्चारला, तो ऐकून मीं गाडी परत आणली.

प्रथम ठरवावयाचें तें हें कीं, पाणी पावसाचें आहे कीं गाडीचेंच. कोरड्या दिवशीं एसी चालविल्यावर गालिचा ओला होत असेल, तर एसीचें पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असण्याचा संभव फार. पाणी बुळबुळीत व गोडसर वासाचें असेल, तर तें इंजिन थंड ठेवणारें कूलंट. तें हीटरमधून गळतें. तें विषारी असतें, चाखून पाहूं नये. यांपैकीं कांहींच नसेल तर पाऊस.

पाणी जेथें दिसतें तेथेंच तें शिरतें असें मात्र समजूं नये. ज्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापति बापटांनीं सत्याग्रह लढविला, त्या आमच्या मुळशीच्या धरणाचेंच पाहा ना. पाऊस पडतो मुळेच्या खोऱ्यांत आणि पाणी प्रकट होतें घाटाखालीं भिऱ्याच्या वीजघरांत! मोटारींतहि तें पत्र्याच्या आडून असेंच दूरवर जातें.

म्हणून गालिचा व नमदा दोन्ही काढावे, पत्रा कोरडा पुसावा आणि जोडांवर खडूची पूड भुरभुरावी. शिक्षकाच्या घरीं खडूला तोटा नसतो. पाण्याची वाट त्या पुडींत रेघेसारखी उमटते. एकानें टॉर्च घेऊन आंत बसावें, दुसऱ्यानें बाहेरून नळीनें मंद पाणी सोडावें. आरंभ खालून करून वर जावें व प्रत्येक ठिकाणीं पांच-दहा मिनिटें थांबावें. बहुतेक लोक येथेंच चुकतात. ते एकदम छपरावर पाणी ओततात, तें चहूंकडे ओघळतें आणि कोठून काय आलें तें कळत नाहीं.

आमच्या सौभाग्यवती आंत बसल्या. दाराच्या खालच्या अंगास पाणी सोडलें, आंत कोरडें. वायपरखालच्या जाळीवर नळी धरली, आणि चौथ्या मिनिटास हांक आली, “अहो, आलें!” जाळी उघडली तों खालीं जांभळीच्या पानांचा व गाळाचा लगदा. पाणी बाहेर जावयाचें भोंक त्याखालीं बुजलेलें. तुंबलेलें पाणी वर चढे व वायरींभोवतींच्या रबरी बुचाच्या फटींतून आंत उतरे. कांच बिचारी निर्दोष होती! पानें काढलीं, बूच नवें बसविलें. खर्च अगदीं किरकोळ.

इतरांच्या गाडींत दोष अन्यत्र असेल. दारांच्या तळाशीं बारीक भोकें असतात. दाराच्या कांचेलगत थोडें पाणी आंत शिरणारच, अशा हिशेबानें तीं ठेवलेलीं असतात. गळती समजून तीं बुजवूं नयेत. काडीनें मोकळीं करावीं. दाराच्या पुठ्ठ्यामागें प्लास्टिकचा पडदा चिकटविलेला असतो, तो दुरुस्तीच्या वेळीं फाडून टाकण्याची वाईट चाल आहे. रबराची परीक्षा सोपी: कागदाची पट्टी मध्यें धरून दार लावावें व ती ओढावी, सहज निघाली तर रबर निकामी झालें. डिकी ओली होत असल्यास मागील दिव्यांचीं रबरें पाहावीं. आणि दिसेल त्या फटींत सिलिकॉन थापूं नये. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारें सिलिकॉन तर पत्र्यास गंजच आणतें.

नमदा पंख्याखालीं सुकावयास नऊ दिवस लागले. त्याच्याखालीं पत्र्याला रुपयाएवढा गंज चढला होता. तो घासून रंग लावला. आणखी दोन पावसाळे गेले असते तर तेथून रस्ता दिसला असता. गाडी आतां जांभळीखालून हलवून अंगणांत उभी करतों. सौभाग्यवतींना ती जागा वाळवणासाठीं हवी आहे. त्याविषयींचें बोलणें अद्याप चालू आहे.