तंगूस, बॅटरी आणि नगरचं गवत

नगर जिल्ह्यात गवत उशिरा येतं, पण आलं की आवरत नाही. जून-जुलैत अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर-रतनवाडीकडे पाऊस कोसळत असतो. त्याच दिवसांत नगर शहर, पाथर्डी, जामखेड नुसती भुरभुर अंगावर घेत ढगांकडे बघत बसतात. इकडचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. तो झाला की पंधरा दिवसांत सावेडीतल्या बंगल्याभोवतीची मोकळी जागा, केडगावच्या प्लॉटचं कुंपण, राहुरी-राहात्याच्या वस्त्यांवरची अंगणं सगळी गुडघाभर होतात. हराळी, लव्हाळा, केना, आघाडा, आणि सगळ्यांच्या वर डोकं काढून गाजरगवत.

हे काढणार कोण? विळ्या-खुरप्याचा हात अजून जिल्ह्यात आहे, पण त्या हाताला नेमकं तेव्हाच शेतात बोलावणं असतं. सोयाबीन काढणीला आलेलं, कांद्याच्या रोपांची लागवड सुरू. दोन गुंठ्यांच्या बंगल्यावर अर्ध्या दिवसाच्या कामाला कोणी येत नाही, आणि आलं तर रोज पूर्ण द्यावा लागतो. म्हणून गेल्या काही वर्षांत हार्डवेअरच्या दुकानांत एक लांब दांड्याचं, हलकं, बॅटरीवर चालणारं मशीन दिसू लागलं. कोणी त्याला ग्रास कटर म्हणतं, कोणी ट्रिमर, कोणी नुसतं दोरीचं मशीन. हे मशीन घरच्या बागेसाठी फार चांगलं आहे, असं माझं मत आहे. फक्त ते घेताना माणसं खोक्यावरचा आकडा बघतात आणि आपली जमीन बघत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

मशीन तसं अगदी साधं. दांड्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला मोटर, मोटरीवर एक चकती आणि चकतीतून बाहेर आलेले नायलॉनच्या दोरीचे एक-दोन तुकडे. मासे धरणारे ज्याला तंगूस म्हणतात त्याचाच हा जाड भाऊ. उभ्या दोरीत काही जोर नाही, बोटानं वाकते. फिरायला लागली की ताठ होते आणि कापते. मिनिटाला ७,००० फेरे आणि दोरीच्या वर्तुळाचा व्यास ३० सेंटिमीटर धरला, तर तिच्या टोकाचा वेग ताशी जवळजवळ ४०० किलोमीटर निघतो. गवत कापतं ते हे टोक. नवखा माणूस दोरी पूर्ण लांबीनं गवतात खुपसतो. मग दोरी गुंडाळते, मोटर कण्हते, बॅटरी उतरते. टोकाची दोन-तीन बोटं गवताला लावत, डावी-उजवीकडे सावकाश झुलवत पुढे जायचं, एवढंच याचं कसब.

ही कल्पना अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांची. नृत्याच्या शिकवण्यांचा व्यवसाय केलेला हा माणूस १९७१ साली गाडी धुवायला गेला होता. गाडीच्या अंगावरून फिरणारे नायलॉनचे ब्रश रंगाला ओरखडा न काढता मळ काढत होते. बॅलस यांच्या अंगणात झाडं पुष्कळ, आणि झाडांच्या बुंध्याशी, दगडांच्या कडेला वाढलेलं गवत कापणं ही त्यांची डोकेदुखी. त्यांनी पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, त्यातून तंगूस ओवला आणि लॉनची कड कापायच्या यंत्राला तो डबा लावून फिरवला. मोठ्या कंपन्यांनी ही वस्तू नाकारली, तेव्हा त्यांनी स्वतःच ‘वीड ईटर’ या नावानं ती विकायला काढली. १९७७ मध्ये इमर्सन इलेक्ट्रिकनं तो धंदा विकत घेतला. आज जगात कुठेही असं मशीन उघडा, आत तोच डबा आणि तीच दोरी आहे. बदलली ती ताकद: कुठे वायर, कुठे पेट्रोल, आणि आता लिथियम-आयन बॅटरी.

निवडीची खरी गोष्ट बॅटरीपाशी सुरू होते. दुकानात किंवा ऑनलाइन बघाल तर आकड्यांची चढाओढ दिसते: १८ व्होल्ट, २० व्होल्ट, २१ व्होल्ट, आणि स्वस्त मालावर तर ४८, ८८, ९८ असले आकडे, ‘व्ही’च्या शेजारी ‘एफ’ चिकटवलेले. बॅटरीच्या आत बोटाएवढे सेल ओळीनं जोडलेले असतात. एका सेलचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. पाच सेल जोडले की ३.६ च्या हिशेबानं १८ आणि ४.२ च्या हिशेबानं २१. म्हणजे १८, २० आणि २१ या तिन्ही बॅटऱ्या एकाच दाबाच्या. एकानं चालता दाब छापला, दुसऱ्यानं भरलेला. खोक्यावरच्या ९८ चा खरेखोटेपणा बघायचा असेल तर दुकानातच चार्जर उलटा करावा. मागच्या चिठ्ठीवर ‘आउटपुट’ म्हणून आकडा असतो. तिथे २१ व्होल्ट लिहिलेलं असेल तर आत पाच सेलची ओळ आहे, खोक्यावर काहीही छापलेलं असो. खरं ३६ व्होल्टचं मशीन असेल तर चार्जर ४२ च्या आसपास दाखवेल.

दुसरा आकडा अँपिअर-अवर. व्होल्ट आणि अँपिअर-अवरचा गुणाकार म्हणजे बॅटरीत साठणारी वीज. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२. दाट गवतात मशीन ३०० वॉट खेचत असेल तर ७२ वॉट-अवरची बॅटरी पाव तासात संपते आणि ३६ ची सात-आठ मिनिटांत. पाव तास ऐकायला कमी वाटतो. पण दोन गुंठ्यांचा प्लॉट, मधे घर, आणि कापायचं ते कंपाऊंडच्या कडेचं, पायवाटेचं, हौदामागचं. गवत पोटरीएवढं असताना कापलं तर पाव तासात त्यातलं बरंच उरकतं. गुडघ्याच्या वर जाऊ दिलं तर कोणतीच घरगुती बॅटरी पुरत नाही. माझा सल्ला मोठ्या एका बॅटरीऐवजी मध्यम दोन घेण्याचा आहे. एक चालू, एक चार्जिंगला. ग्रामीण फीडरवर वीज कधी जाईल याचा भरवसा नसेल तर दुसरी बॅटरी भरून तयार असलेली बरी. घरात आधीच एखाद्या कंपनीचं बॅटरीचं ड्रिल असेल तर त्याच बॅटरीवर चालणारा ट्रिमर बघावा, पैसे वाचतात. मात्र एकाच कंपनीच्या सगळ्या बॅटऱ्या एकमेकींत चालतातच असं नाही. बॉशची घरगुती हिरवी हत्यारं आणि व्यावसायिक निळी हत्यारं दोन्ही १८ व्होल्टची, पण हिरव्यांची बॅटरी निळ्यांत बसत नाही. दुकानात प्रत्यक्ष बसवून बघावी.

मोटर ब्रशलेस असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. तिच्यात झिजणारे कार्बनचे ब्रश नसतात आणि तेवढ्याच बॅटरीत काम जास्त होतं. वजनाचंही तसंच. काउंटरवर दोन मिनिटं मशीन हातात धरावं, झुलवून बघावं. दांडा कमी-जास्त होणारा हवा. घरात काकूंची उंची वेगळी, मुलाची वेगळी, आणि वाकून केलेलं काम कमरेवर निघतं.

आता जमीन. नगरची काळी माती पावसानंतर चिकट होते आणि वाफसा येईपर्यंत तिच्यात कोणतंच काम धड होत नाही. या मशीनची दोरी झिजते, तुटते, आणि नवी बाहेर काढण्याच्या तीन तऱ्हा आहेत. एकात चकती जमिनीवर हलकेच आपटायची, दोरी सुटते. दुसऱ्यात आपोआप येते. तिसऱ्यात ठरावीक लांबीचे तुकडे हातानं खोवायचे. आपटायची चकती हिरवळीवर उत्तम, पण ओल्या काळ्या मातीत तिच्या बटणाखाली चिखल बसतो आणि ते दाबलंच जात नाही. अशा जमिनीत मला हातानं खोवायची सोय सगळ्यात भरवशाची वाटते. दिसायला जुनाट, पण अडत नाही. कोणतीही चकती असो, वाफसा आल्यावरच कापावं. ओलं गवत कापलं न जाता चकतीला गुंडाळत राहतं.

या मशीनची दोरी साधारण १.६ पासून २.४ मिलिमीटर जाडीपर्यंत मिळते. जाड म्हणजे चांगली, हा समज चुकीचा आहे. मशीनवर १.६ लिहिलं असताना २.४ ची घातली तर फेरे कमी होतात, मोटर तापते. आणि नायलॉनला पाणी लागतं. १९३५ मध्ये ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या या धाग्याचा गुणच असा: तो हवेतला ओलावा शोषतो आणि त्यानंच लवचीक राहतो. नगरच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत माळ्यावर पडलेलं रीळ ठिसूळ होतं आणि पावसाळ्यात पहिल्याच दिवशी टकाटक तुटतं. वापरायच्या आदल्या रात्री ते बादलीत भिजत टाकावं. फरक लगेच कळतो.

स्वस्त मशीनच्या खोक्यात दोरीबरोबर लोखंडी पातीही देतात, करवतीच्या दातांचीसुद्धा. ती वापरू नयेत. आपल्या प्लॉटांत मुरुमाचा भराव असतो, बांधकामाचे खडे, तारेचे तुकडे असतात. दोरी दगडावर आपटली तर दोरी तुटते. पातं आपटलं तर पात्याचा तुकडा उडतो. दोरीनं उडालेला खडाही डोळा फोडू शकतो, म्हणून चष्मा, बूट, लांब पँट आणि मशीनचं संरक्षक कवच या चार गोष्टींशिवाय खटका दाबू नये. मुलं, कुत्रं, रस्त्यानं जाणारी माणसं निदान १५ मीटर लांब असावीत. एक फायदा मात्र मान्य करायला हवा. विळ्यानं कापताना हात गवतात जातो, आणि पावसाळ्यात त्या गवतात घोणस किंवा फुरसं असू शकतं. या मशीननं हात चार-पाच फूट मागे राहतो. तरीही आधी काठीनं गवत हलवून घ्यावं.

बागेत दोन जागी हे मशीन नेऊच नये. एक, लहान झाडांचा बुंधा. दोरी साल सोलते, आणि सालीचं पूर्ण कडं निघालं की अन्नाची वाट तुटून पेरू-लिंबाचं रोप वाळतं. लावणारा पाणी वाढवत बसतो, कारण जखम मातीला टेकलेली असते आणि दिसत नाही. प्रत्येक रोपाभोवती हातभर आळं खुरप्यानं स्वच्छ ठेवून त्यात पालापाचोळा अंथरला की मशीन तिथे न्यायची गरजच पडत नाही. दुसरी जागा ठिबकच्या नळ्यांची. नगर जिल्ह्यात आता परसबागेतही ठिबक आहे. गवतात झाकलेली बारीक नळी ही दोरी क्षणात कापते आणि आपल्याला कळतं ते पुढच्या पाणीपाळीला. कापण्याआधी नळ्या उचलून बाजूला गुंडाळाव्यात.

गाजरगवताचं वेगळं सांगायला हवं. भारतात या तणाची पहिली ठळक नोंद १९५५ मध्ये पुण्याची. तिथून ते देशभर पसरलं. फुलावर आलेलं गाजरगवत ट्रिमरनं कापलं की त्याचा चुरा आणि पराग अंगावर, तोंडावर उडतात. ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांची कातडी सुजते, दम्याचा त्रास असलेल्यांना धाप लागते. शिवाय वरून कापलेलं झाड बुडातून पुन्हा फुटतं. हे तण फुलायच्या आधी, पावसानं जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटणं हाच उपाय. लव्हाळ्याचंही तसंच, त्याच्या गाठी जमिनीखाली सुरक्षित असतात. मशीन फक्त पानं उडवतं.

आणखी एक गोष्ट शहरातल्या दुकानात कोणी सांगत नाही. हा दुधाचा जिल्हा आहे. संगमनेर, राहाता, राहुरीकडे बांधावरचं गवत म्हणजे गोठ्यातला चारा. हिवरे बाजार गावानं मुक्त चराई बंद करून गवत कापून न्यायची शिस्त लावली, ती गवताची किंमत ओळखूनच. विळ्यानं कापलेल्या गवताची पेंढी बांधता येते. ट्रिमर त्याच गवताचा मातीमिश्रित चुरा करतो, आणि त्यात झिजलेल्या नायलॉनचे बारीक तुकडे असतात. तो चुरा गाई-म्हशींना घालू नये. ज्यांच्या दारात जनावर आहे त्यांनी चाऱ्याचं गवत विळ्यानंच कापावं आणि मशीन पायवाटेपुरतं ठेवावं. पेरू-डाळिंबाच्या बागेत एकरानं काम असेल तर पेट्रोलचा ब्रश कटर, खांद्याच्या पट्ट्यासकट, हेच योग्य हत्यार. बॅटरीचं मशीन तिथे नेऊन त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पाऊस सरला की हे मशीन सहा-सात महिने पडून राहतं, आणि नगरचा उन्हाळा बॅटरीला पावसाळ्यापेक्षा जास्त महाग पडतो. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात जे तापमान होतं त्यात लिथियमचे सेल लवकर म्हातारे होतात. पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी हळूहळू इतकी उतरते की पुढच्या जूनमध्ये चार्जर तिला ओळखतच नाही. दिवाळीनंतर बॅटरी निम्म्याच्या आसपास भरावी, मशीनमधून काढावी, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवावी आणि संक्रांत-गुढीपाडव्याला एकदा बॅटरीवरचे चार्जचे दिवे बघावेत. काम संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नये, अर्धा तास सावलीत निवू द्यावी. मेलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

म्हणून पैसे मोजण्याआधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत: सुटी बॅटरी मिळते का आणि केवढ्याला, या चकतीची दोरी नगरमध्ये कुठे मिळते, आणि बिघडलं तर दुरुस्ती इथे होते की पुण्याला पाठवावं लागतं. “भाऊ, ते ऑनलाइन मिळून जाईल,” असं उत्तर आलं तर शेजारच्या दुकानात जावं. कमी आकड्याचं, पण बॅटरी आणि दोरी गावात मिळणारं मशीन घ्यावं.