घर कंपनीचं, संसार आपला

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' असं आपल्याकडे म्हणतात. पण ज्या घरात उभं आयुष्य गेलं, जिथे मुलं लहानाची मोठी झाली, ते घर आपण बांधलेलंही नाही आणि विकतही घेतलेलं नाही, असं असेल तर? एके दिवशी किल्ली कार्यालयात जमा करून निमूटपणे निघायचं आणि महिन्या-दोन महिन्यांत तिथे दुसऱ्याच कुणाची तुळस आलेली पाहायची!

छत्तीसगडमधल्या दुर्ग जिल्ह्यातल्या भिलाईत ही गोष्ट घरोघरी घडली आहे. 'मिनी भारत' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पोलादनगरीतल्या प्रत्येक क्वार्टरला आजवर अनेक कुटुंबांनी आपलं म्हटलं आहे.

नागपूरहून थेट गाडी

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 2 फेब्रुवारी 1955 रोजी करार झाला. त्या वेळी हा भाग ज्या राज्यात होता, त्या जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. मुंबई-हावडा लोहमार्गही नागपूरवरून सरळ दुर्ग-भिलाईला जातो. त्यामुळे विदर्भातल्या तरुणांना नोकरीसाठी तिकडे जाणं म्हणजे परमुलखात जाणं वाटलं नाही. बंगाल, आंध्र, केरळ, पंजाब, बिहार अशा सगळीकडून माणसं आली. सोव्हिएत तंत्रज्ञही आले. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं.

कारखान्याबरोबर वसाहतही आखून उभी राहिली. सरळ रस्ते, क्रमांक दिलेले सेक्टर, सेक्टरमध्येच शाळा आणि बाजार. गल्लीला संत-महात्म्यांची नावं नाहीत, नुसते आकडे. क्वार्टर अमुक, स्ट्रीट तमुक, सेक्टर पाच, की पत्ता पुरा झाला. सुरुवातीला बांधकामाच्या मजुरांसाठी तात्पुरते कॅम्प होते. 'कॅम्प 1' आणि 'कॅम्प 2' ही नावं मात्र वस्त्यांना कायमची चिकटली.

एक अंगण, तीन संसार

असं एखादं क्वार्टर डोळ्यांसमोर आणा. 1960 च्या सुमाराला त्यात पहिलं बिऱ्हाड येतं. भिंतींना ओल्या चुन्याचा वास, अंगणात नुसती माती. घरधनी पाळीवर जातो. रात्रपाळी असली की दिवसा घरात सगळे पावलं न वाजवता वावरतात. शेजारणीची भाषा कळत नाही, पण वाटीभर विरजण मागायला भाषा लागतेच कुठे? आंध्रातून आलेली ही गृहिणी मागच्या दारी कढीपत्ता लावते आणि कुंपणाशी आंब्याची कोय पुरते.

पुढे नवऱ्याला बढती मिळते. वरच्या श्रेणीला मोठं क्वार्टर, हा कंपनीचा नियम. म्हणजे घर सोडायला निवृत्तीच यावी लागते असं नाही. आंब्याला मोहोर धरायच्या आतच बिऱ्हाड हलतं.

1967 मध्ये कारखान्याची क्षमता 10 लाख टनांवरून 25 लाख टनांवर गेली, 1988 मध्ये ती 40 लाख टन झाली. विस्तार म्हटला की नवे हात आले आणि नवी बिऱ्हाडंही. आपल्या क्वार्टरमध्ये आता एक मराठी कुटुंब येतं. कोनाड्यात गणपती बसतो, दारात रांगोळी उमटते. दाराच्या चौकटीवर आधीच्या मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा असतात. नव्या वहिनी त्या पुसत नाहीत, शेजारीच आपल्या मुलांच्या खुणा करतात. आंबा त्यांच्या काळात फळतो आणि कैरीचं लोणचं साऱ्या स्ट्रीटमध्ये वाटलं जातं. त्यांच्यानंतर येणाऱ्या तिसऱ्या कुटुंबाला ती आयती सावली मिळते.

आपल्याकडे भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये, नागपूरजवळच्या अंबाझरीच्या आयुध निर्माणी वसाहतीत किंवा कोराडीच्या वीज वसाहतीत राहिलेल्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही.

किल्ली परत करताना

खरी कसोटी लागते ती साठाव्या वर्षी. शेवटच्या दिवशी हार-तुरे होतात, भाषणं होतात आणि घरी आल्यावर प्रश्न समोर उभा राहतो : आता जायचं कुठे? गावाकडचं घर भावकीत वाटलं गेलेलं. मुलं दुसऱ्या शहरात. तीस-पस्तीस वर्षं नाममात्र भाड्यात काढल्यामुळे घर बांधायचा विचार 'पुढच्या वर्षी' म्हणत राहून गेलेला.

मग मुदतवाढीचे अर्ज सुरू होतात. पण नियम कडक आहेत. मुदतीनंतर राहिल्यास दंडात्मक भाडं लागतं. सरकारी जागा खाली करून घेण्यासाठी 1971 चा कायदाही आहे. अशा थकलेल्या भाड्याची रक्कम ग्रॅच्युइटीतून वळती करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सेलच्याच बोकारो कारखान्याच्या प्रकरणात सांगितलं. म्हणजे म्हातारपणाची पुंजी आणि डोक्यावरचं छप्पर एकाच तराजूत! 2000 नंतरच्या काही वर्षांत भिलाईतली अनेक क्वार्टर्स दीर्घ मुदतीच्या लीजवर देण्यात आली. ज्यांना ती मिळाली, त्यांचा जीव भांड्यात पडला. पण सगळ्यांना ती कशी मिळणार?

पुढचा भाडेकरू कोण?

आणखी एक बदल त्याहून खोल आहे. 1991 नंतरच्या काळात कारखान्यातल्या कायम नोकऱ्या कमी होत गेल्या आणि ठेकेदाराकडच्या कामगारांवरची भिस्त वाढली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईचा अनेक वर्षं अभ्यास केला. 2020 मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथात या दोन प्रकारच्या कामगारांच्या आयुष्यातली दरी तपशिलाने मांडली आहे. क्वार्टरची सारी व्यवस्था उभी राहिली ती कायम कामगाराच्या भरवशावर. आता एक बिऱ्हाड गेलं की दुसरं येईलच असं राहिलं नाही. काही क्वार्टर्स बंद पडून मोडकळीला आली. कारखान्यात राबणारा ठेक्यावरचा मजूर मात्र बहुधा बाहेरच्या वस्तीत भाड्याची खोली घेऊन राहतो.

क्वार्टरमध्ये राहणाऱ्या वाचक भगिनींना म्हणूनच दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. स्वतःच्या घराचा विषय नवऱ्याच्या पन्नाशीच्या आतच काढा. निवृत्तीच्या कागदांबरोबर तो काढला, तर फार उशीर झालेला असतो. आणि तरीही, घर आपलं नाही म्हणून झाड लावायचं राहू देऊ नका. कुठल्याशा अनोळखी बाईने लावलेल्या कढीपत्त्यावर आपण इतकी वर्षं फोडण्या दिल्या. घर सोडून जाताना त्याच्या शेजारी आपलंही एखादं रोप असू द्यावं.