संवेदनशील स्टिअरिंग आणि वेगातले स्थैर्य: समज आणि वस्तुस्थिती

स्पोर्ट्‌स कारच्या स्टिअरिंगला जरासा हात लागला तरी गाडी दिशा बदलते आणि म्हणून महामार्गावरील वेगात ती मुळातच अस्थिर असते, हा समज मोटारींच्या जाणकारांतही आढळतो. त्यात दोन वेगळ्या गुणधर्मांची गल्लत झालेली आहे. स्टिअरिंग ठरावीक अंशांनी फिरवल्यावर गाडी किती वळते ही झाली संवेदनशीलता. तर वाऱ्याच्या झोताने किंवा रस्त्यातील उंचवट्याने मार्ग ढळल्यावर गाडी आपणहून सावरते की ढळतच जाते, यावर तिचे स्थैर्य ठरते, आणि ते मुख्यतः मागच्या चाकांच्या पकडीतून येते.

संवेदनशीलतेचे सारे श्रेय किंवा दोष स्टिअरिंग गुणोत्तराला, म्हणजे स्टिअरिंग किती अंश फिरवल्यावर पुढची चाके एक अंश वळतात या प्रमाणाला दिला जातो. पुढच्या व मागच्या चाकांत २.५ मीटर अंतर आणि १५ः१ गुणोत्तर असलेल्या गाडीचे स्टिअरिंग १५ अंश फिरवले, तर ती सुमारे १४३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळू लागते. ताशी ३० किलोमीटर वेगाला त्यातून निर्माण होणारे बाजूचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या विसाव्या भागाइतकेच असते. मात्र समृद्धी महामार्गावर मोटारींना मुभा असलेल्या ताशी १२० किलोमीटर वेगाला, वेग चौपट झाल्यामुळे, ते गणिताने सोळापट होते. याउलट गुणोत्तर १५ऐवजी १२ केले तर फरक पडतो अवघा २५ टक्क्यांचा. गाडी ‘तिखट’ भासते ती प्रामुख्याने वेगामुळे. गुणोत्तराचा वाटा त्यामानाने किरकोळ असतो.

प्रत्यक्षात हे आकडे बरेच खाली येतात, कारण जवळजवळ सर्व मोटारी ‘अंडरस्टिअर’कडे झुकणाऱ्या बनवतात. टायर ज्या दिशेला रोखलेला असतो आणि ज्या दिशेने खरोखर जातो त्या दोहोंतील कोनाला स्लिप अँगल म्हणतात. वळताना तो पुढच्या टायरांत मागच्यांपेक्षा अधिक राहिला की अंडरस्टिअर होतो आणि वेगात गाडीचा प्रतिसाद आवरला जातो. मागच्या टायरांत तो अधिक झाला तर ‘ओव्हरस्टिअर’ होतो, आणि अशा गाडीला एक क्रांतिक वेग असतो, ज्यापुढे ती चालकाने सतत सावरल्याविना सरळ धावूच शकत नाही. अस्थिरता हा शब्द खरे तर या अवस्थेसाठी राखून ठेवावा.

स्टिअरिंग जड म्हणजे गाडी स्थिर, हाही समज फसवा आहे. वेगानुसार मदत कमी करणारे पॉवर स्टिअरिंग हाताला जड लागते, पण फिरवलेल्या कोनाला गाडी देत असलेला प्रतिसाद त्याने बदलत नाही. तो बदलायचा तर गुणोत्तरच बदलावे लागते, जसे बीएमडब्ल्यूने २००३च्या ५ सिरीजमध्ये वेगानुसार गुणोत्तर बदलणारी यंत्रणा देऊन केले.

गाडी बुटकी आणि गुळगुळीत असली की हवा तिला रस्त्याला दाबून धरते, या समजुतीची किंमत मात्र मोठी होती. १९९८ साली बाजारात आलेल्या ऑडी टीटीच्या मागच्या गोलाकार उतरणीवर हवेचा प्रवाह चिकटून राहत असल्याने मोठ्या वेगात तेथे उचल निर्माण होई व मागची चाके हलकी पडत; जर्मनीच्या ऑटोबानवर ताशी १८० किलोमीटरहून अधिक वेगात अचानक मार्गिका बदलताना वा वळताना गंभीर अपघात झाल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर बसवला, सस्पेन्शन बदलले आणि इलेक्ट्रॉनिक स्थैर्य-नियंत्रणाची जोड दिली. पोर्शने ९११च्या बाबतीत हाच प्रश्न निराळ्या वाटांनी हाताळला. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या या गाडीच्या पुढच्या बंपरमध्ये आरंभी चक्क वजने ठेवली गेली. १९६९च्या मॉडेलात मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवण्यात आली. आणि १९७२ साली दाखवलेल्या कॅरेरा आरएस २.७ला मागची उचल घटवणारी, बदकाच्या शेपटीसारखी कड मिळाली. यातला एकही उपाय स्टिअरिंगला हात लावणारा नव्हता, हे लक्षणीय आहे.

रुंद टायरांनी गाडी अधिक सरळ धावते असे मानणाऱ्यांनी चाकोऱ्या पडलेल्या डांबरी रस्त्याचा विचार करावा: रुंद टायर त्या चाकोऱ्यांच्या उताराने अधिक ओढले जातात. स्टिअरिंग थरथरणे हे अलाइनमेंट बिघडल्याचे लक्षण समजले जाते, पण त्यामागे बहुधा चाकांचे बॅलन्सिंग असते. अलाइनमेंट बिघडले की गाडी एका बाजूला ओढते किंवा भरकटते. शिवाय अनेक लहान मोटारींच्या मागच्या चाकांत जुळवणीची सोय नसल्याने केवळ पुढची चाके तपासण्याची सवय पडलेली आहे. स्पोर्ट्‌स कारच्या मागच्या चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत वळलेल्या ठेवतात, त्याला टो-इन म्हणतात, आणि त्या बाहेर वळल्या तर वेगात गाडीची मागची बाजू चंचल होते. म्हणून महामार्गावर गाडी बेचैन वाटू लागल्यास मालकाने स्टिअरिंगला दोष देण्याआधी चारही टायरांतील हवा आणि मागच्या चाकांचे टो-इन मोजून घ्यावे.