विद्यार्थ्यांच्या सहली आणि धोक्याचे गणित

महाविद्यालयाच्या सहलीचे पत्रक घरी आले म्हणजे आईबाप त्यात दोन गोष्टी पाहतात. खर्च किती, आणि मुले परत कधी येणार. जागा धोक्याची आहे काय, हा प्रश्न सुचलाच तर तो जागेच्या रूपावरून सोडविला जातो. उंच कडा भिवविणारा दिसतो, रुंद वाळू निरुपद्रवी दिसते. परंतु सहलीतले मोठे घात पुष्कळदा न दिसणाऱ्या गोष्टींनी होतात आणि त्यांची चौकशी घरून निघण्यापूर्वीच करावी लागते, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

८ जून २०१४ रोजी हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात, थलौट येथे, बियास नदीच्या पात्रात उतरले. संध्याकाळची वेळ, पात्रातले खडक उघडे. छायाचित्रे काढण्यास ह्याहून सोयीची जागा कोणती? वरच्या अंगाला लारजी जलविद्युत् प्रकल्पाचे धरण आहे. तेथून पाणी सोडले गेले, आणि २४ विद्यार्थी व त्यांच्याबरोबरचा एक सहल-संयोजक वाहून गेले. पाणी किती वेळ उथळ राहील हे पात्रात उभे राहून कळण्यासारखे नव्हते. ते धरणावर विचारावयास हवे होते.

पुढे जानेवारी २०१६ मध्ये हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने प्रत्येक विद्यार्थ्यामागे २० लाख रुपये भरपाई ठरविली आणि तिचा भार वाटून दिला : वीज मंडळावर ६० टक्के, महाविद्यालयावर ३० टक्के, राज्य सरकारवर १० टक्के. पाणी सोडले मंडळाने, तरी महाविद्यालय सुटले नाही. पालकांकडून ‘जबाबदारी आमची नाही’ असे लिहून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या कागदाने धोका तर तसूभरही कमी होत नाही.

ह्या निकालानंतर महिन्याभरातच, १ फेब्रुवारी २०१६ रोजी, मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. पुणेकराला समुद्र वर्षातून एखादे वेळी भेटतो. त्याचे वेळापत्रक त्याला ठाऊक नसते. किनाऱ्यावरचा कोळी मात्र तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. अष्टमीला साधारण सहा, अमावास्येला बाराच्या सुमारास. रोज ती सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. मग सहलीची तारीख ठरविताना सुट्टीबरोबर पंचांगही पाहिले, आणि पोहोचल्यावर पाण्यात उतरण्याआधी गावात चौकशी केली, तर त्यात अवघड काय आहे?

आता गणित. प्रत्येक धोक्याला दोन मापे लावावीत : तो घडण्याचा संभव किती, आणि घडल्यास नुकसान केवढे. गड चढताना कोणाचा तरी पाय मुरगळणार हे जवळजवळ ठरलेले. पण त्याला पट्टी आणि विश्रांती पुरते. बुडण्याचा संभव थोडा, पण तेथे दुरुस्ती नाही. नेहमीची चूक अशी की प्रथमोपचाराची पेटी आठवणीने घेतली जाते, कारण पाय मुरगळलेला सर्वांनी पाहिलेला असतो. धरणाची चौकशी राहून जाते.

उपायांनाही क्रम आहे. धोका टाळता येत असेल तर आधी टाळावा, म्हणजे नदी काठावरूनच पाहावी. टाळता येत नसेल तर स्थानिक जाणता माणूस बरोबर घ्यावा. दोर, शिट्टी, तरंगती जाकिटे ही त्यानंतरची. ह्याच न्यायाने रात्रीचा घाटातला बसप्रवास कार्यक्रमातूनच काढावा. एक मुक्काम वाढेल, खर्चही वाढेल, पण पेंगणाऱ्या चालकावर दुसरा कोणताही उपाय मला खात्रीचा वाटत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेविषयी २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्यांत आवाराबाहेरचाही विचार आहे. परंतु किनाऱ्यावर शंभर उत्साही मुलांपुढे ‘आज पाण्यात कोणी जायचे नाही’ असे सांगणारा शिक्षक एकटाच असतो. तो बहुधा वयाने लहान, नोकरीत नवा. त्याला हा अधिकार प्राचार्यांनी निघण्यापूर्वीच, सर्व मुलांसमक्ष, तोंडाने द्यावा. आणि कार्यक्रम रद्द झाल्यास पैसे कोणी सोसावयाचे हेही त्याच वेळी ठरवावे, म्हणजे भरलेल्या पैशांसाठी कोणाला पाण्याशी पैज लावावी लागणार नाही.