वायर कुठून न्यायची
सावंतवाडीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात बेळगावहून भाजी आणणारी पिकअप उभी आहे. तिला फॉग लॅम्प बसवायचे आहेत. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात ढग रस्त्यावरच उतरतात. मग हेडलाइटचा प्रकाश धुक्यावर आपटून ड्रायव्हरच्याच डोळ्यांत परततो. म्हणून हे दिवे बंपरखाली, जमेल तितके खाली.

दिवे आवळून होतात लवकर. वेळ घेते ती वायर. मेस्त्री बॉनेट उघडून आधी नुसते बघत राहतात: सायलेन्सरचा पाइप कुठे तापतो, पंखा कुठे फिरतो, इंजिन हादरलं की काय हलतं. गाडीत वायरचे शत्रू तीनच, उष्णता, घर्षण आणि पाणी. कोकणात तिसरा सगळ्यांत चिवट.

55 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर 9 अँपिअरच्या वर करंट ओढतात. एवढा भार हेडलाइटच्या वायरीला छेद देऊन घेतला, तर ती वायर आणि तिचा स्विच दोन्ही तापतात. रस्त्याकडेला असं काम सर्रास होतं, आणि ते मला धोक्याचं वाटतं. इथे हेडलाइटच्या वायरीकडून फक्त इशारा घेतात. तो रिलेच्या कॉइलला जातो; तिला पाव अँपिअरही लागत नाही. दिव्यांचा खरा करंट बॅटरीतून वेगळ्या, अडीच एमएमच्या वायरने येतो. बॅटरीपासून वीतभर अंतरावर 15 अँपिअरचा फ्यूज. तो दिव्यांसाठी नाही, वायरसाठी आहे. ती घासून पत्र्याला टेकली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतू शकते. फ्यूज दिव्याजवळ लावला, तर त्याच्या अलीकडची सगळी वायर उघडीच राहते.

अर्थसाठी चासीवरची जागा पोऱ्या पॉलिश पेपरने घासतो. मेस्त्री वाकून बघतात. "आजून घास रे. रंग रवलो तर अर्थ गावचो नाय." पत्रा चकाकला की दातेरी वॉशर, बोल्ट आणि वरून ग्रीसचा थर.

जोड डागत नाहीत, क्रिंप करतात. डाग देताना कथील तारांच्या आत शोषलं जातं, तेवढा भाग ताठ होतो, आणि हादऱ्यांनी वायर नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. क्रिंप झाल्यावर मेस्त्री प्रत्येक जोड हाताने ओढून बघतात.

मग सगळी वायर वळ्यांच्या काळ्या नळीत जाते आणि कंपनीच्या हार्नेसला लगटून चालते. डॅशबोर्डच्या स्विचकडे जाणारी वायर पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेटमधून आत घेतात. त्याआधी तिला मुद्दाम खाली झोळ देतात, म्हणजे पाणी ओघळून तिथेच गळतं, केबिनमध्ये शिरत नाही. रिलेही पाय खाली करूनच लावलेला. टायची शेपटं मुळाशी कापलेली; पुढे कधी या कोपऱ्यात हात घालणाऱ्या मेकॅनिकला ओरखडा नको.

शेवटी इंजिन चालू ठेवून मीटर लावतात. बॅटरीवर 14.1 व्होल्ट, दिव्याच्या टोकाला 13.8. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के घटलं, तर प्रकाश तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. त्यामुळे वाटेत असं थोडकंच गळायला हवं. मेस्त्री मान हलवतात आणि पोऱ्याला बॉनेट लावायला सांगतात.